वजन कमी करण्याचं औषध सुरू असताना अचानक छातीत धडधडलं, तर

धडधड आत्ता, या क्षणी सुरू असेल तर आधी एवढंच वाचा. छातीत दुखतंय किंवा दाब आलाय, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरतंय, बसल्या जागी धाप लागतेय, दरदरून गार घाम फुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, मधे शुद्ध हरपली होती, बोलताना जीभ जड झालीय, एका बाजूचा हात किंवा पाय उचलत नाहीये. यातलं एकही लक्षण असेल तर लेख बाजूला ठेवा आणि १०८ला फोन लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच नंबर आहे. अमेरिकेत असाल तर ९११, ब्रिटनमध्ये ९९९. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. आणि कृपा करून 'गॅस झाला असेल' असं म्हणत ओवा चावत, सोडा पीत वाट बघू नका. हृदयविकाराच्या उपचारात ज्या पहिल्या तासांना किंमत असते, ते आपल्याकडे याच वाक्यात निघून जातात.

यातलं काही नसेल, तर आता शांतपणे पुढे जाऊ.

वजन कमी करण्याचं इंजेक्शन किंवा गोळी घेणाऱ्याला धडधड झाली की घरात दोनच मतं निघतात. एक म्हणतं, 'त्या औषधानेच झालं, फेकून दे.' दुसरं म्हणतं, 'औषधामुळे होतंच, दुर्लक्ष कर.' दोन्ही घाईची आहेत. धडधडीचं कारण कधी औषधात असतं, कधी औषधाने बदललेल्या खाण्यापिण्यात, आणि पुष्कळदा सोबत चालू असलेल्या दुसऱ्याच एखाद्या गोळीत. ते शोधता येतं, पण त्यासाठी अंदाज सोडून मोजमाप करावं लागतं.

नाडी हाताने मोजा

खुर्चीत पाठ टेकवून बसा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय अनेकांना असते, पण ठोके अनियमित असतील तर ती फसवते. स्मार्टवॉच असलं तरी आधी हातानेच मोजा. पट्टा सैल असला किंवा हात हलत असला की घड्याळ भलतेच आकडे दाखवतं.

आकडा लिहा, वेळ लिहा. आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो ताल, म्हणून पुढचं नीट बघा. ठोके जलद आहेत पण एका लयीत आहेत का? धडधड हळूहळू चढली आणि हळूहळू उतरली, की बटण दाबल्यासारखी एका क्षणी सुरू झाली आणि एका क्षणी थांबली? सगळं नीट चालू असताना मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात बसतो का? की कुठलीच लय सापडत नाही, सगळे ठोके वेडेवाकडे पडताहेत? हळूहळू चढणारी, लयीतली जलद नाडी बहुतेक वेळा ताप, भीती, पाणी कमी पडणं, रक्त कमी असणं किंवा औषधाचा परिणाम यांकडे बोट दाखवते. क्षणात सुरू होऊन क्षणात थांबणारी धडधड हृदयातल्या विद्युतमार्गाच्या बिघाडाची असू शकते. सुटा चुकलेला ठोका बहुतेकदा निरुपद्रवी असतो. आणि अजिबात लय नसलेली नाडी एट्रियल फिब्रिलेशनची असू शकते, ज्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. नंतर डॉक्टरांसमोर शब्द सापडले नाहीत तर टेबलावर बोटाने ताल धरून दाखवा. त्यांना त्यातून खूप कळतं.

पहिला अर्धा तास

घरात बीपीचं मशीन असेल तर बीपी घ्या. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघाच, विशेषतः मधुमेहाचं औषध चालू असेल तर. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धडधडीचं कारण तुमच्या हातात आलं. तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा घ्या, आणि वर आली की थोडं खाऊन घ्या. हे प्यायला माणूस पूर्ण शुद्धीवर हवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही ओतू नका.

साखर ठीक असेल तर आणखी एक चाचणी घरीच होते आणि ती फारच उपयोगी आहे. पाच मिनिटं आडवं पडा, बीपी आणि नाडी घ्या. मग उभं राहा, शेजारी कोणीतरी हवं, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, किंवा नाडी ३० ठोक्यांहून अधिक उसळली, तर शरीरात पाणी कमी आहे किंवा बीपीची गोळी आता जास्त होतेय, असा संशय घ्यायला जागा आहे. चक्कर येत असेल तर ही चाचणी करू नका, पडाल.

पाणी घोट घोट प्या. चहा-कॉफी नको, सिगरेट नको. घरातल्या कोणाची 'धडधडीची' गोळी चालू असते, बहुधा प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, ती उसनी घेऊ नका. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉलने श्वास कोंडू शकतो. शिवाय या गोळ्या साखर उतरल्याची धडधड झाकून टाकतात आणि फक्त घाम फुटतो.

मग किती वाट बघायची? बसल्या जागी नाडी १५० किंवा त्याहून वर असेल तर अजिबात नाही, कॅज्युअल्टीत जा. वीस मिनिटं शांत बसूनही ती १२० च्या वरच असेल, किंवा ठोक्यांना लय नसेल आणि असं पहिल्यांदाच होत असेल, तरीही लगेच निघा. शंभर ते एकशेवीसच्या मधे अडकली असेल, किंवा दिवसात पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शंभराखाली उतरली, बरं वाटलं, तर झोपायला हरकत नाही, पण सकाळी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा. पोटात वरच्या भागात असह्य दुखत असेल, दुखणं पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील तर हे आकडे विसरा. या इंजेक्शनांवर स्वादुपिंडाला सूज येणं आणि पित्ताशयाचे खडे हे दोन्ही नोंदवलेले धोके आहेत, आणि त्यातही नाडी पळते. हॉस्पिटलच गाठा.

औषधाचा स्वतःचा वाटा किती

भारतात मार्च २०२५ मध्ये टिरझेपटाइड माउंजारो या नावाने आलं आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही. रोज घ्यायचं लिराग्लुटाइड त्याच कुळातलं. ही सगळी आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. त्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही हृदयाचा वेग ठरवणाऱ्या सायनस नोडमध्येही असतात, त्यामुळे विश्रांतीतली नाडी थोडी वाढते. सरासरी वाढ मिनिटाला १ ते ४ ठोक्यांची. पण सरासरीत सगळं दिसत नाही. वेगोव्हीच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या २६ टक्के लोकांची नाडी कुठल्या ना कुठल्या भेटीत आधीपेक्षा २० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढलेली आढळली. औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांमध्येही हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे परिणाम खरा आहे, पण प्रत्येक धडधड त्याच्या नावावर टाकता येत नाही.

याच औषधाने हृदयाचं भलंही होतं, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. सिलेक्ट या १७,६०४ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. आधीच हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले पण मधुमेह नसलेले लोक त्यात होते. सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. म्हणून एका धडधडीच्या भीतीने कोणालाही न विचारता इंजेक्शन कायमचं बंद करणं मला पटत नाही. मात्र हृदयाचं पंपिंगच कमी झालेल्यांची गोष्ट वेगळी. अशा रुग्णांना लिराग्लुटाइड देऊन झालेल्या अभ्यासांत नाडी वाढली आणि हृदयाच्या गंभीर तक्रारीही जास्त दिसल्या. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी आलेलं असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय ही औषधं सुरूच करू नयेत.

औषधाने होणारी धडधड साधारण ओळखता येते. लयीतली असते, पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर सुरू होते, आणि रात्री शांत पडल्यावर, डाव्या कुशीवर झोपल्यावर जास्त जाणवते. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, वेड्यावाकड्या तालाची किंवा १४० च्या पुढे जाणारी धडधड 'इंजेक्शनामुळे होतंच' या सदरात बसत नाही. तुम्हाला कोणी तसं सांगितलं तरी ईसीजी मागा.

गोळ्यांची कथा निराळी. अमेरिकेत १९५९ पासून वापरात असलेलं फेंटरमिन मेंदूला आणि हृदयाला थेट चेतवतं. धडधड, झोप उडणं, बीपी चढणं हे त्याचे अपेक्षितच परिणाम. हृदयविकार, वाढलेला थायरॉइड किंवा काचबिंदू असलेल्यांनी ते घ्यायचंच नसतं, आणि ते थोड्या आठवड्यांपुरतंच देतात. परदेशातल्या कोणी प्रेमाने आणून दिलं असेल तरी घेऊ नका. नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन या जोडगोळीनेही नाडी आणि बीपी वाढू शकतं. ऑरलिस्टॅट फक्त आतड्यात काम करतं, हृदयाला थेट त्रास देत नाही.

डब्यातल्या बाकीच्या गोळ्या

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण खरं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं आणि इथे कोणी बघत नाही. औषधांचा डबा टेबलावर उलटा करा. रोजच्या, अधूनमधूनच्या, आयुर्वेदिक, जिममधल्या, सगळ्या पट्ट्या बाहेर काढा.

पहिली बघा मळमळीची गोळी. इंजेक्शनने मळमळतं, जेवण घशाशी राहतं, म्हणून केमिस्टकडून सहज आणली जाते ती पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन. त्यानेही थांबलं नाही की ऑन्डॅनसेट्रॉन. डॉम्पेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन दोन्ही हृदयाच्या विद्युतचक्राचा एक भाग लांबवतात, ज्याला ईसीजीवर क्यूटी म्हणतात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर हा धोका वाढतो. वर घसा धरला म्हणून अझिथ्रोमायसिन सुरू झालं, तर आणखी वाढतो, कारण तेही क्यूटी लांबवतं. यातून ठोक्यांची जी गडबड होते ती विरळा असली तरी जीवघेणी असू शकते. युरोपातल्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डॉम्पेरिडोन दिवसाला १० मिलिग्रॅम तीनदा, आणि तेही सहसा आठवड्याहून जास्त नाही, असं बंधन घातलं. आपल्याकडे लोक ते महिनोन् महिने सकाळी उठल्या उठल्या घेतात. पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियमही उतरू शकतं. मळमळ थांबत नसेल तर डोस वाढवण्याचा वेग कमी करणं हा पहिला उपाय, गोळ्यांवर गोळ्या हा नव्हे.

दुसरी, थायरॉइडची. लेव्होथायरॉक्सिनचा डोस वजनाशी जोडलेला असतो, पूर्ण डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ९० किलोंच्या बाईला जी मात्रा बरोबर होती, ती ७५ किलोंवर जास्त होऊ शकते. जास्त झाली की धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम. तोंडाने घ्यायच्या सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर तर लेव्होथायरॉक्सिनचं शोषणही वाढतं, सुमारे ३३ टक्क्यांनी. वजन उतरत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. याच कारणासाठी आधीचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता, हे उत्तर पुरत नाही.

तिसरी, बीपीची. वजन उतरलं की बीपीही उतरतं, गोळी मात्र तीच राहते. उभं राहिलं की घेरी येते आणि ती भरून काढायला हृदय धावतं. टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन असलेली जोडगोळी चालू असेल तर ते लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियमही काढतात. उलटही घडतं. 'आता बीपी नॉर्मल आहे' म्हणून कोणी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम थांबवते आणि हृदय उसळी मारतं. ही गोळी हळूहळूच सोडायची असते.

चौथी, मधुमेहाची. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन आधीच्याच मात्रेत ठेवून इंजेक्शन सुरू केलं तर साखर कोसळू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर वेगळीच गोष्ट लक्षात ठेवा. खाणं अगदी कमी झालं, उलट्या झाल्या, की या गोळ्यांवर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीकच दिसते. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास, पळणारी नाडी आणि तरी साखरेचा आकडा ठीक, असं एकत्र दिसलं तर हॉस्पिटलमध्ये 'कीटोन तपासा' असं तोंडाने सांगा.

मग सर्दीच्या पट्ट्या. फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन किंवा कॅफीन त्यात आहे का ते मागे वाचा. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, खोकल्याच्या औषधातलं साल्ब्युटामॉल, डॉक्सोफिलिन, सगळ्यांनी नाडी वाढते. जिममधल्या 'फॅट बर्नर' आणि प्री-वर्कआउट पावडरीत भरपूर कॅफीन, कधी योहिम्बिन किंवा सिनेफ्रिन ही हृदयाला चेतवणारी द्रव्यं असतात. वजनाच्या औषधाबरोबर यांचं काहीही काम नाही.

आणि 'हर्बल' स्लिमिंग चूर्ण किंवा कॅप्सूल असेल तर ती आजपासून बंद. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघात वाढवतं म्हणून २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून गेलं, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडतं. लेबलवर ते कधीच लिहिलेलं नसतं.

पाणी, जेवण आणि उपवास

इंजेक्शनने भुकेबरोबर अनेकांची तहानही मंदावते. दुपारपर्यंत दोन चहा आणि अर्धी पोळी एवढ्यावर दिवस निघतो. त्यात विदर्भातला किंवा मराठवाड्यातला मे महिना असेल तर संध्याकाळी नाडी शंभराच्या वर असणं साहजिकच. तहान लागण्याची वाट न बघता तासातासाने पाणी प्या. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर कमी पडतंय. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालून दिवसभरात घोट घोट. टेट्रा पॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती याचसाठी. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनी किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पाणी आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उपवासांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. या औषधांवर भूकच नसल्याने उपवास पूर्वीपेक्षा सोपा जातो, आणि त्यामुळेच तो लांबतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना निर्जळी उपवास म्हणजे साखर कोसळण्याला आमंत्रण. डॅपाग्लिफ्लोझिनवर असाल तर रक्तात आम्ल साठण्याला. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी कमी करायची की वगळायची ते ठरवा. निर्जळी नको. दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा, शहाळं घ्या. धडधड सुरू झाली की उपवास तिथेच सोडा. देव रागावत नाही.

रक्तक्षयही इथेच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये तो आढळला होता. आधीच हिमोग्लोबिन कमी, पाळी जास्त, त्यात जेवण निम्म्यावर. जिना चढताना धडधडतंय, थकवा आहे, तर इंजेक्शनला दोष देण्याआधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी, करा. आणि पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्टही करा. गरोदरपणातही नाडी वाढते, आणि पीसीओएस असलेल्या मुलींची पाळी वजन उतरल्यावर पुन्हा नियमित होते, गर्भ राहण्याची शक्यता वाढते. टिरझेपटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधनही वापरायला सांगतात. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं.

पुढचा डोस घ्यायचा का

धडधडीचं कारण कळेपर्यंत पुढचा डोस वाढवायचा नाही, हे नक्की. तोच डोस घ्यायचा की पुढे ढकलायचा, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. फोन लागत नसेल आणि लक्षणं त्रासदायक असतील तर एक-दोन दिवस थांबल्याने नुकसान होत नाही. वेगोव्हीच्या बाबतीत पुढच्या ठरलेल्या डोसला दोन दिवसांहून जास्त वेळ असेल तर राहिलेला डोस घेता येतो. माउंजारो चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घेता येतं. पण भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच नको. दोन-तीन आठवडे गेले असतील तर आधीच्या मोठ्या डोसवर परस्पर परतू नका, पुन्हा खालून सुरुवात करावी लागू शकते.

इंजेक्शन थांबवलं म्हणजे धडधड उद्या थांबेल, असं मात्र नाही. सेमाग्लुटाइडची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, पूर्ण निघून जायला पाचेक आठवडे. टिरझेपटाइडला निम्म्यावर यायला पाच दिवस. त्यामुळे 'थांबवून चार दिवस झाले, तरी होतंय, म्हणजे औषध नाही' हा तर्क चुकतो.

डोस चढवण्याची घाई हे मोठं कारण असतं. वेगोव्ही ०.२५ पासून ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅमपर्यंत चार-चार आठवड्यांनी वर न्यायचं असतं, माउंजारो २.५ पासून २.५ च्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. 'किमान' म्हणजे त्याहून जास्त थांबता येतं. वजन उतरत असेल तर खालच्या पायरीवरच राहण्यात काहीही कमीपणा नाही.

व्हायलमधून, म्हणजे छोट्या बाटलीतून, सिरिंजने घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे इन्शुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. एकाच रेघेच्या आकड्यावर यू-४० मध्ये अडीच पट औषध येतं. डोस युनिटमध्ये ठरवू नका, मिलिलिटरमध्ये विचारून घ्या आणि सिरिंज बदलू नका.

डॉक्टरांकडे

धडधड चालू असताना काढलेला एक ईसीजी नंतरच्या दहा तपासण्यांना भारी पडतो. म्हणून जवळच्या कुठल्या दवाखान्यात ईसीजी निघतो, रात्री कुठे निघतो, हे आजच माहीत करून ठेवा. निघालेल्या पट्टीचा लगेच मोबाइलवर फोटो काढा, तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत पुसट होतो. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर तोही काढून पीडीएफ जपा. लय बिघडली आहे का हे त्यातून कळू शकतं, हृदयविकाराचा झटका मात्र त्यातून नाकारता येत नाही.

बरोबर न्यायचा कागद छोटा असू द्या:

१. औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू केलं, शेवटचा डोस कधी वाढवला, शेवटचं इंजेक्शन कुठल्या वारी घेतलं.
२. प्रत्येक धडधडीची वेळ, नाडी, ताल, किती मिनिटं टिकली, आधी काय खाल्लं-प्यायलं होतं.
३. बाकीच्या सगळ्या गोळ्या, पट्ट्यांसकट.
४. घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल तर ते.

डॉक्टर बहुधा सीबीसी, टीएसएच, सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, साखर सांगतील. यादीत मॅग्नेशियम नसेल तर विचारा, ते राहून जातं. धडधड रोज होत असेल तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र, पुरतं. आठवड्यातून एकदा होत असेल तर त्या २४ तासांत काहीच सापडणार नाही, मग जास्त दिवसांचा मॉनिटर मागा. इको गरजेप्रमाणे. कारण सापडलं की उपाय बहुतेक वेळा साधा असतो: थायरॉइडची मात्रा कमी, बीपीची गोळी निम्मी, लोहाच्या गोळ्या, डोस एक पायरी खाली. विश्रांतीतली नाडी आठवडेच्या आठवडे चढलेलीच राहिली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर औषध बंद करावं, असं वेगोव्हीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे.

एक कळकळीची विनंती. बारीक होण्याचं इंजेक्शन घेतोय हे बरेच जण घरात सांगत नाहीत, आणि मग कॅज्युअल्टीत सासूबाई किंवा मुलगा शेजारी उभा असतो म्हणून तिथेही सांगत नाहीत. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर औषध घेण्यात लपवण्यासारखं काही नाही. तरीही संकोच वाटला तर नर्सला सांगा, 'मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.' तो तुमचा हक्क आहे. तुम्ही हे औषध घेताय हेच समोरच्या डॉक्टरला माहीत नसेल तर तो चुकीच्या दिशेने शोधत राहील.

औषध खरं होतं का, आणि तक्रार कुठे करायची

जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकबद्दल, म्हणजे सेमाग्लुटाइडच्याच मधुमेहासाठीच्या इंजेक्शनबद्दल, इशारा दिला होता. पार्लरमधून, जिम ट्रेनरकडून, इन्स्टाग्रामवरून, बिल न देता मिळालेलं इंजेक्शनचं पेन असेल तर त्यात नेमकं काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि धडधडीचं कारण शोधताना डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नाही. ते टोचणं थांबवा, पण फेकू नका, तपासणीला लागेल.

औषध खरं असूनही त्रास झाला असेल तर तो नोंदवा. भारताच्या औषध दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे चालतो आणि रुग्ण स्वतः किंवा घरचं कोणीही फोन करू शकतं. औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी, डोसची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख विचारतात. बॅच नंबर पेनावर बारीक अक्षरात असतो आणि खोक्यावर नीट दिसतो, म्हणून रिकामं खोकं पुढचं पेन सुरू होईपर्यंत तरी ठेवा.